उंबरठ्याच्या आतला हिशेब



‘पाश्चात्त्यांना कुटुंब नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार सहजपणे बोलले जाते. व्यासपीठावरून बोलले जाते, घरच्या बैठकीतही बोलले जाते आणि बोलणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबऱ्या ज्याने मनापासून वाचल्या आहेत, त्याची जीभ मात्र हे वाक्य उच्चारताना अडखळेल. व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. त्या सहा दशकांत इंग्लंडमध्ये घर, शेगडी, माता, बालके आणि जेवणाचे टेबल यांचे जे गुणगान झाले, ते वाचताना आपल्या मराठी माणसालाही घरी आल्यासारखे वाटते. राणी स्वतः नऊ मुलांची आई होती आणि तिच्या कुटुंबाची चित्रे प्रजेच्या घरोघरी आदर्श म्हणून लागत होती.

पण त्या काळातले थोर कादंबरीकार केवळ गुणगान करून थांबले नाहीत. घराच्या शांततेची किंमत त्या घरातले कोण मोजते, हा प्रश्न त्यांनी विचारला. तो घराच्या शत्रूंनी विचारलेला प्रश्न नव्हता. ज्यांना घराची ओढ होती, आणि त्यातल्या काहींना ते पुरेसे मिळालेही नव्हते, अशा माणसांनी तो विचारला. म्हणूनच त्याला वजन आहे.

खंदकापलीकडचे घर

चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०-६१) या कादंबरीत वेमिक नावाचा एक कारकून आहे. लंडनमधील एका फौजदारी वकिलाच्या कचेरीत तो काम करतो. कचेरीत त्याचा चेहरा लाकडी असतो, बोलणे तुटक असते आणि फाशी जाणाऱ्या अशिलाकडूनही एखादी अंगठी पदरात पाडून घेण्यात त्याला संकोच वाटत नाही. संध्याकाळी मात्र तो वॉलवर्थ या उपनगरात पायी निघतो आणि प्रत्येक पावलागणिक त्याचा चेहरा सैल होत जातो. त्याचे घर म्हणजे लाकडाची एक इवलीशी झोपडी आहे. तिला त्याने किल्ल्याचे रूप दिले आहे. भोवती चार फूट रुंदीचा खंदक आहे आणि त्यावर उचलून घेता येणारी एक फळी आहे. घरात त्याचा ठार बहिरा म्हातारा बाप राहतो. रात्री नऊच्या ठोक्याला वेमिक एक छोटी तोफ उडवतो, कारण तेवढा एकच आवाज त्या म्हाताऱ्याच्या कानापर्यंत पोहोचतो! पाहुणा आला की वेमिक त्याला सांगतो, वडिलांकडे पाहून मान डोलवीत राहा, त्यांना फार आनंद होतो.

हे प्रकरण वाचताना हसू येते आणि गळाही दाटतो. आईवडिलांची अशी सेवा आपल्या कीर्तनांतल्या पुंडलिकालाही मान्य व्हावी. पण डिकन्सचे खरे बोट दुसरीकडे आहे. वेमिकला घराभोवती खंदक का खणावा लागला? इंग्लंडमधले शेतकऱ्याचे, विणकराचे, लहान दुकानदाराचे जुने घर हेच त्याचे कामाचे ठिकाण होते. बाप, आई, मुले, उमेदवारी करणारा पोर, सगळे एका छपराखाली राबत. गिरण्या आणि कचेऱ्या आल्या आणि काम घराबाहेर गेले. बाहेरचे जग स्पर्धेचे आणि निष्ठुर झाले. मग घराला देवळाचे रूप आले. दिवसभर बाहेर ज्या गोष्टी कराव्या लागतात, त्या धुऊन काढण्याची जागा म्हणजे घर. वेमिक हा सज्जन माणूस आहे, पण त्याचे सौजन्य खंदकाच्या आतच मावते. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या वाटेवर त्याचा चेहरा पुन्हा लाकडी होत जातो. आजही मोठ्या शहरातल्या लोकलच्या डब्यात असे चेहरे सकाळ-संध्याकाळ दिसतात.

या देवळात देवीही हवी होती. कॉव्हेंट्री पॅटमोर या कवीने १८५४ साली एका दीर्घकाव्याचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षक होते ‘घरातील देवदूत’ अशा अर्थाचे. काव्य पुढे मागे पडले, पण शीर्षक उरले. ते गृहिणीचे वर्णनच होऊन बसले : सौम्य, स्वार्थशून्य, सदा हसतमुख. स्वयंपाकघरातली तिची पोथीही लवकरच तयार झाली. इझाबेला बीटन यांचे गृहव्यवस्थेवरील जाडजूड पुस्तक १८६१ साली आले आणि पहिल्याच वर्षी त्याच्या साठ हजार प्रती खपल्या. सूप कसे करावे, मोलकरणीला किती पगार द्यावा, आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी, सारे त्यात होते. वाचणाऱ्यांना वाटे, लेखिका कोणी पोक्त, अनुभवी गृहस्वामिनी असावी. प्रत्यक्षात पुस्तक आले तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. तिचा पहिला मुलगा तान्हेपणीच दगावला होता. दुसराही पुढे गेला. चौथ्या बाळंतपणानंतर, १८६५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती स्वतःच वारली. त्या काळच्या कादंबऱ्यांत इतकी पोरकी मुले का आढळतात, याचे उत्तर देण्यासाठी साहित्यशास्त्राची गरज नाही. ही एक जीवनरेखा पुरेशी आहे.

दिवाणखान्यात वाचलेली कादंबरी

कादंबरी तेव्हा एकट्याने कोपऱ्यात वाचायची वस्तू नव्हती. तीन खंडांच्या नव्या कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. डिकन्सच्याच ‘अ ख्रिसमस कॅरोल’ (१८४३) मधला कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवतो. म्हणजे दोन आठवड्यांचा सगळा पगार ओतला तरी त्याला एक कादंबरी विकत घेता आली नसती. त्यामुळे मध्यमवर्ग वर्गणीच्या वाचनालयांवर अवलंबून होता. त्यांत चार्ल्स एडवर्ड म्युडी याचे वाचनालय सर्वांत बलाढ्य होते. वर्षाला एक गिनी भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येई. डिकन्सच्या कादंबऱ्या तर एक शिलिंग किमतीच्या मासिक भागांतून येत. संध्याकाळी वडील मोठ्याने वाचत, आई शिवण घेऊन ऐके, मुले जमिनीवर बसत, दाराशी मोलकरीणही रेंगाळे. मुलीबाळींसमोर वाचता येणार नाही ते पुस्तक म्युडी ठेवत नसे. या धाकाची लेखकांनी पुढे पुष्कळ तक्रार केली आणि ती खोटी नव्हती. पण या धाकाचा एक वेगळा परिणामही झाला. घराविषयीची कटू सत्ये त्याच घरात, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने वाचता येतील अशा भाषेत लिहावी लागली.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली, तेव्हा तेही याच वाटेने घराच्या माजघरापर्यंत पोहोचले. इंग्रजी कादंबरीचे ते व्यासंगी वाचक होते. यमूची कहाणी ज्या घरात वाचली गेली, त्याच घरात एखादी यमू पोळ्या लाटत असेल.

इंग्लंडमधली यमू शोधायची झाली तर ॲन ब्राँटे हिच्याकडे जावे लागते. तिघी ब्राँटे भगिनींतली ही धाकटी. शार्लटची ‘जेन एअर’ आणि एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ (दोन्ही १८४७) सर्वांना ठाऊक असतात. ॲनची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ (१८४८) मात्र मागे राहते, आणि हा अन्याय आहे. हिची नायिका हेलन एका देखण्या, उमद्या तरुणाशी स्वतःच्या पसंतीने विवाह करते. तो व्यसनी निघतो. आपल्या प्रेमाने तो सुधारेल, या विश्वासावर ती वर्षे काढते. हा विश्वास तिला घरातूनच, सदुपदेशाच्या पुस्तकांतूनच मिळालेला आहे. पुढे नवरा आपल्या चिमुकल्या मुलालाच दारूचे घोट पाजू लागतो, शिव्या द्यायला शिकवतो आणि मित्र त्यावर हसतात. तेव्हा हेलनचा निर्णय होतो. चित्रे विकून पोट भरायचे आणि मुलाला घेऊन निघून जायचे. नवरा तिची रोजनिशी वाचतो, तिचे रंग-कुंचले आगीत टाकतो, पैसे आणि दागिने काढून घेतो.

येथे वाचकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याने कायद्याचा भंग केलेला नाही! त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्वच पतीमध्ये विलीन होत असे. तिचे पैसे त्याचे, तिची कमाई त्याची, मुलेही त्याचीच. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेला पतीने मुलांपासून तोडले, तेव्हा तिने चालवलेल्या झगड्यातून १८३९ साली पहिला कायदा झाला. त्याने आईला एवढाच अधिकार दिला, की सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी तिने न्यायालयात अर्ज करावा. विवाहितेची कमाई तिची स्वतःची ठरायला १८७० साल उजाडले, आणि मालमत्तेवर पूर्ण हक्क मिळायला १८८२. १८५७ च्या घटस्फोट कायद्याने तर पतीला पत्नीचा व्यभिचार पुरेसा मानला. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. ज्या घराला देऊळ म्हटले जात होते, त्याचे हे विश्वस्तपत्र होते. देवीच्या नावावर देव्हाऱ्यातले एक भांडेसुद्धा नव्हते.

हेलन पुढे परत येते, हा या कादंबरीचा खरा कस आहे. नवरा मरणपंथाला लागतो तेव्हा ती आपणहून त्याच्या शुश्रूषेला जाते. पण मुलाला त्याच्यासमोर आणण्यापूर्वी मुलाचा ताबा आपल्याकडे राहील असे त्याच्याकडून लेखी घेते. दया आहे आणि लेखी करारही आहे. ॲन ब्राँटेला या दोहोंत विरोध दिसला नाही. अनेक समीक्षकांना तेव्हा दिसला. खुद्द शार्लटलाही बहिणीने हा विषय निवडायला नको होता असे वाटे.

हा कायदा समुद्र ओलांडून मुंबईतही आला होता. रखमाबाईंचा बालपणी, अकराव्या वर्षी विवाह झाला. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. तो ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने’चा होता, आणि ही कल्पना आपल्या धर्मशास्त्रातून आलेली नव्हती, ती इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेली होती. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ साली रखमाबाईंच्या बाजूने निकाल देताना हे स्पष्टपणे नोंदवले. तो निर्णय अपिलात फिरला आणि १८८७ साली त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले गेले : नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. इंग्लंडमध्ये अशा नकारासाठी तुरुंगात टाकण्याची शिक्षा १८८४ सालीच रद्द झाली होती. महाराष्ट्रात त्या काळी दोन्ही बाजूंनी लेखण्या झिजल्या. रखमाबाईंच्या विरोधात लिहिणाऱ्यांतील अनेकांना आपण परंपरेचे रक्षण करीत आहोत असे वाटत होते. पण ज्या शस्त्राने ते रक्षण चालले होते, ते परकीय घडणावळीचे होते. अखेर १८८८ साली तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचले.

रक्ताची नाती आणि जोडलेली नाती

डिकन्सकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण घराचा एवढा मोठा भाट आणि घराला एवढा पोरका असा दुसरा लेखक नाही. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेले. आई आणि धाकटी भावंडे तिथेच राहायला गेली. बारा वर्षांचा चार्ल्स बाहेर एकटा राहून बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत होता. पगार आठवड्याला सहा-सात शिलिंग. वडील सुटून आल्यावरही त्याने कामावरच राहावे असे आईला वाटत होते. हे तो कधी विसरला नाही आणि त्याने कधी जाहीरपणे सांगितलेही नाही. त्याच्या मृत्यूनंतर मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून जगाला ते कळले. तोपर्यंत वाचक ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ (१८४९-५०) केवळ कल्पित समजून वाचत होते.

त्या कादंबरीत डेव्हिडला कायद्याने मिळालेले घर सावत्र बाप मर्डस्टन याचे आहे. तिथे शिस्त आहे, प्रार्थना आहे, किल्ल्यांचा जुडगा आहे आणि मायेचा टिपूस नाही. डेव्हिडची भोळी आई त्या ‘दृढतेच्या’ संस्कारांखाली कोमेजून मरते. उलट यारमथच्या किनाऱ्यावर मिस्टर पेगटी या कोळ्याचे घर म्हणजे वाळूत ओढून ठेवलेली एक जुनी नाव आहे. नावेत राहतात तो स्वतः, एक अनाथ पुतण्या, एक अनाथ भाची आणि गरिबीत मेलेल्या भागीदाराची सदा कुरकुरणारी विधवा मिसेस गमिज. पेगटी अविवाहित आहे. या माणसांत कोणी त्याचे मूल नाही, कोणी पत्नी नाही. ज्यांचे कोणी उरले नव्हते, त्यांना त्याने उचलून आणले आहे. पुढे भाची एमिली एका श्रीमंत तरुणाबरोबर पळून जाते. त्या काळच्या सभ्य घरांत अशा मुलीचे नाव टाकले जाई. पेगटी तिला शोधायला पायी निघतो आणि मागे सांगून जातो, की खिडकीत रोज रात्री मेणबत्ती लावत जा, ती परत आली तर तिला वाट दिसावी. ती मेणबत्ती न चुकता लावते कोण? जिला आजवर स्वतःच्या दुःखापलीकडे काही दिसत नव्हते, तीच मिसेस गमिज. कुटुंब रक्ताने बनते की राखण्याने, हा प्रश्न डिकन्सने येथे एका मेणबत्तीच्या उजेडात ठेवला आहे.

सार्वजनिक कार्यात आकंठ बुडालेल्या सज्जनांनी ‘ब्लीक हाउस’ (१८५२-५३) मधल्या मिसेस जेलिबीची प्रकरणे जरूर वाचावीत. ही बाई आफ्रिकेत नायजर नदीकाठच्या लोकांच्या उद्धारासाठी अहोरात्र पत्रे लिहिते. तिचे डोळे देखणे आहेत, पण त्यांना आफ्रिकेहून जवळचे काही दिसत नाही. घरात मुले जिन्यावरून गडगडतात, एकाचे डोके कठड्याच्या गजांत अडकते, थोरली मुलगी कॅडी आईचा पत्रव्यवहार लिहून शाईने माखलेली असते. नवरा दिवाळखोरीच्या काठावर, भिंतीला डोके टेकून मुकाट बसलेला. प्रसंग विनोदी आहेत. पण ज्या घरांत उतरायला येणाऱ्यांची गर्दी आणि घरच्यांसाठी वेळेचा दुष्काळ असतो, त्या घरांतल्या मुलांना त्यात हसण्यासारखे थोडेच सापडेल.

अर्थात, येथे डिकन्सही निर्दोष नाही. घर टाकून कार्य करणाऱ्या पुरुषाची अशी टवाळी त्याने क्वचितच केली. आणि १८५८ साली त्याने स्वतः काय केले? बावीस वर्षांच्या संसारानंतर, दहा मुलांची आई असलेल्या कॅथरीनला त्याने वेगळे केले. थोरला मुलगा सोडून बाकी मुले त्याच्याकडे राहिली. ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ हे त्याचे साप्ताहिक, म्हणजे नावातच गृह असलेले पत्र. त्यातच त्याने या घरगुती गोष्टीचा जाहीर खुलासा छापला. ज्याच्या शब्दांनी लक्षावधी घरांत नाताळची शेगडी उबदार झाली, त्याच्या पत्नीच्या वाट्याला वेगळे बिऱ्हाड आले. साहित्यिकाच्या पुस्तकांचे मोल यामुळे कमी होत नाही, परंतु पुस्तकांवरून त्याच्या घराची कल्पनाही करू नये.

पेटीतली तागाची वस्त्रे

घर म्हणजे नेमके काय मोडते, हे सर्वांत सूक्ष्मपणे पाहिले जॉर्ज इलियट या पुरुषी नावाने लिहिणाऱ्या मेरी ॲन इव्हान्सने. ‘द मिल ऑन द फ्लॉस’ (१८६०) मध्ये टलिव्हर हा गिरणीवाला पाण्याच्या हक्काच्या दाव्यात हरतो आणि त्याचे दिवाळे निघते. घरावर जप्तीची माणसे येऊन बसतात. मुले घरी परततात तेव्हा मिसेस टलिव्हर कोठीच्या खोलीत पेट्या उघडून बसलेली असते. समोर तिने लग्नापूर्वी स्वतः कातलेल्या सुताचे टेबलावरचे कापड, चांदीची किटली, चिनी मातीची भांडी. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यावर तिच्या माहेरच्या नावाचे टाके. ही बाई तशी मंदबुद्धी, कुरकुरी. लेखिकेने तिला एरवी सोडलेले नाही. पण या प्रसंगात तिची थट्टा करण्याचे धैर्य वाचकाला होत नाही. परक्यांच्या बोलीत आता आपली अक्षरे विकली जाणार, हे तिचे दुःख आहे. लग्नातली नाव घातलेली तांब्या-पितळेची भांडी मोडीत काढताना ज्यांनी आजीचा चेहरा पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मग तिच्या बहिणी आणि मेहुणे येतात. कुटुंबाची बैठक बसते. प्रत्येक जण आपल्याला हवी ती वस्तू विकत घ्यायला तयार आहे, आणि त्याबरोबर उपदेश फुकट. त्या बैठकीत टलिव्हरची गरीब बहीण मिसेस मॉसही आहे. तिच्या नवऱ्याने टलिव्हरकडून तीनशे पौंड घेतलेले आहेत. ते वसूल झाले तर तिचा संसार उद्ध्वस्त होईल. टलिव्हर बेशुद्धावस्थेत पडलेला. तेव्हा कोवळ्या वयाचा टॉम उठून सांगतो, की बहिणीकडून हे पैसे वसूल करायचे नाहीत अशी वडिलांची इच्छा होती. ते रोखपत्र शोधून नष्ट केले जाते. घर बुडत असताना एका बापाचा शब्द मुलाने राखला, हे इंग्लंडमधल्या एका गिरणीच्या गावात घडते.

हाच टॉम पुढे सख्ख्या बहिणीला दारातून परत पाठवतो. मॅगी एका तरुणाबरोबर नावेतून वाहवत जाते. ती विवाह न करता, स्वतःच्या मनाशी झुंजून परत येते, पण गावाच्या लेखी ती बुडालेली असते. टॉम ताठ आहे, कष्टाळू आहे, त्याने बापाचे कर्ज पै न् पै फेडले आहे. आपल्या सदाचाराच्या बळावरच तो तिला घर नाकारतो. तेव्हा दोन माणसे तिच्या बाजूला येतात. एक तिची मंदबुद्धी आई, जी काही वाद न करता मुलीबरोबर बाहेर पडते. दुसरी तिची कजाग मावशी मिसेस ग्लेग. जन्मभर या पोरीला टोचत आलेली ही मावशी म्हणते, की रक्ताच्या माणसाला घरच्यांनी आधी थारा द्यायचा असतो, न्यायनिवाडा मागाहून. जुन्या कुळाचार मानणाऱ्या बाईची ही बाजू इलियटने पाहिली, आणि तिला पुरोगामी म्हणणाऱ्यांच्या ती सहसा ध्यानात येत नाही.

लेखिकेचे स्वतःचे दार याहून वाईट रीतीने बंद झाले होते. जॉर्ज हेन्री ल्यूइस या विवाहित लेखकाबरोबर, ज्याला कायदा घटस्फोट देत नव्हता, ती १८५४ पासून राहत होती. १८५७ साली तिने हे भाऊ आयझॅकला कळवले. त्याने वकिलामार्फत उत्तर दिले आणि संबंध तोडले, बहिणींनाही तोडायला लावले. ‘द मिल ऑन द फ्लॉस’ ही त्यानंतर तीन वर्षांनी आलेली कादंबरी आहे. ल्यूइसच्या मृत्यूनंतर १८८० साली तिने जॉन क्रॉसशी रीतसर विवाह केला, तेव्हा भावाचे अभिनंदनाचे पत्र आले. तेवीस वर्षांनी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती वारली. कादंबरीत मात्र तिने भावाला खलपुरुष केले नाही. महापुरात बहीण नाव वल्हवीत त्याच्यापाशी जाते आणि दोघे एकत्र बुडतात.

तिच्या ‘मिडलमार्च’ (१८७१-७२) मध्ये विवाहांची मालिकाच आहे. लिडगेट या हुशार डॉक्टरचा संसार फर्निचरच्या उधारीत आणि रोझमंडच्या गोड हट्टात कसा बुडतो, ते आजच्या तरुण जोडप्यांनी हप्त्यांची पुस्तके बाजूला ठेवून वाचावे. पण त्या महाग्रंथातला एक छोटा प्रसंग सगळ्यांवर मात करतो.

बुल्स्ट्रोड हा गावातला मोठा पेढीवाला, धर्मनिष्ठेचा मोठा दरारा असलेला. त्याचा तरुणपणीचा अपहार उघडकीस येतो. एका माणसाच्या मृत्यूत त्याचा हात असल्याचा संशयही पसरतो. सगळ्या गावाला कळते, फक्त त्याच्या पत्नीला कळत नाही. ती मैत्रिणींकडे जाते, त्या विषय टाळतात आणि दयेने पाहतात. अखेर भावाच्या कचेरीत तिला सत्य समजते. हॅरिएट बुल्स्ट्रोड ही काही विदुषी नाही. तिला चांगले कपडे आवडतात, गावातला मान आवडतो. वीस वर्षे ज्याच्या भक्तीचा तिला अभिमान होता, तो माणूस ढोंगी निघाला. तो तिला सोडून द्यायला कायद्याने नव्हे तरी लोकांनी संमती दिलीच असती.

ती घरी येते आणि आपल्या खोलीचे दार लावून घेते. आपल्या सुखी आयुष्याचा निरोप घ्यायला तिला थोडा वेळ हवा असतो. मग ती अंगावरचे दागिने उतरवते, साधा काळा झगा घालते, फितींनी सजवलेली टोपी काढून केस सपाट विंचरते आणि एक साधी टोपी चढवते. नवरा खालच्या खोलीत तासन् तास बसून आहे. त्याला ठाऊक आहे की तिला कळले आहे. रात्री आठच्या सुमारास दार उघडते. तो वर पाहत नाही. तो तिला पूर्वीपेक्षा लहान, आक्रसलेला दिसतो. ती जवळ जाते, एक हात त्याच्या हातावर, दुसरा खांद्यावर ठेवते आणि त्याला वर पाहायला सांगते. तो पाहतो, तिचे वस्त्र पाहतो, आणि रडू लागतो. तीही त्याच्याशेजारी बसून रडते. लोक म्हणतात त्यातले खरे किती आणि खोटे किती, हे ती त्याला विचारू शकत नाही. आणि आपण निर्दोष आहोत, असे तोही म्हणत नाही.